पन्नासपट लहान बाई

मी बोलतेय. इकडे, खाली. एवढं वर नका बघू. टेबलाच्या कडेला, पेनांच्या डब्याला टेकून एक पुठ्ठ्याची बाई उभी आहे ना, हातात पिशवी घेतलेली, निम्म्या बोटाएवढी? तीच मी.

तुम्हाला ठाऊक नसेल तर सांगते. इमारत बांधायची झाली की हे आर्किटेक्ट लोक आधी तिचं छोटं मॉडेल करतात. पुठ्ठ्याच्या भिंती, पुठ्ठ्याचे जिने, स्पंजची झाडं. आणि त्यात एक-दोन पुठ्ठ्याची माणसं उभी करतात. हौस म्हणून नाही. माणूस शेजारी असला की दार किती उंच, खोली किती मोठी, हे बघणाऱ्याला चटकन कळतं. म्हणजे आम्ही तिथले पाहुणे नाही की मालक नाही. आम्ही नुसती मोजपट्टी. मोजपट्टीने तोंड उघडू नये असा रिवाज आहे, पण आता माझी सहनशक्ती संपली.

माझा जन्म आर्किटेक्चर शिकणाऱ्या एका मुलीच्या हातून झाला. ती तेव्हा पहिल्या वर्षाला होती. बोटांना कायम गोंद, केसांत खोचलेली पेन्सिल, आणि चेहरा असा की आत्ताच झोपेतून उठवलंय. वर्गाला पहिलं मॉडेल करायला सांगितलं होतं. हिने दोन खोल्यांचं घर केलं आणि मोठ्या कौतुकाने टेबलावर मांडलं. डिझाइनचे सर आले, वाकून बघितलं आणि म्हणाले, यात माणूस कुठे आहे? माणूस नसेल तर हा चपलांचा खोका आहे. एवढं बोलून ते पुढच्या टेबलाकडे गेले.

बाकीच्या पोरांनी लगेच माणसं कापली. एकाचं बघून दुसऱ्याने, दुसऱ्याचं बघून तिसऱ्याने. सगळी उंच, सडपातळ, पोट नाही, पाठीला बाक नाही, कमरेवर हात ठेवून उभी. जगात काही कामधंदाच उरला नाही अशी. ही मात्र घरी आली. घरात दोघीच, ही आणि हिची आई. आई शहराच्या बसवर कंडक्टर. ती नुकतीच ड्यूटीवरून आली होती, हातात भाजीची पिशवी होती आणि एका हाताने दार धरून चप्पल काढत होती. पोर म्हणाली, आई, हलू नकोस. आई म्हणाली, अगं, आत तरी येऊ दे. पण ऐकते कोण? टेप आणला, दाराच्या चौकटीला आईला उभं केलं, उंची मोजली, खांदे मोजले, पिशवीसुद्धा मोजली. सगळ्याला पन्नासने भागलं आणि पुठ्ठ्यावर मला काढलं.

पिशवी वेगळी कापायला गेली तर हातच तुटायला लागला, म्हणून ती तशीच ठेवली. तेव्हापासून ती माझ्या हाताला आहे.

स्वभावही आईचाच आला असावा. दिवसभर ‘पुढे सरका, पुढे सरका’ म्हणणाऱ्या बाईच्या मापाने कापलेली मी, मला रेंगाळणारी माणसं सहन होत नाहीत. आणि नशीब बघा, मला दिलं कुणाच्या हाती? जी रेंगाळण्याचीच पदवी घेतात त्यांच्या.

पहिल्या वर्षी मी एका चित्रकाराच्या घरात राहिले. बडा घर पोकळ वासा. दिवाणखाना एवढा की त्यात बस वळवून घ्यावी, आणि संडास नाही. आठवडाभर मी तिथे उभी होते, कुणाला तरी आठवेल म्हणून. शेवटी सरांनीच विचारलं. तेव्हा हिने जीभ चावली आणि जिन्याखाली एक दार काढून दिलं. त्या दारातून आत जायचं तर मला सरपटत जावं लागलं असतं.

दुसऱ्या वर्षी काचेचं घर. चारही बाजूंना काच. जो येईल तो म्हणे, वा, किती ओपन आहे. ओपन आहे ते मलाही दिसत होतं हो. मी म्हणते, कपडे कुठे बदलायचे? मग एक जिना झाला, त्याला कठडा नाही. कठड्याने म्हणे जिन्याची रेषा बिघडते. माझी हाडं बिघडली तर चालतील. एकदा तर मला गच्चीच्या टोकाला नेऊन उभं केलं आणि सरांना सांगितलं, इथे माणूस येऊन थांबेल आणि आकाशाकडे बघेल. मी का थांबेन? दिवसभर काम करून आलेल्या बाईला आधी घरात जाऊन चहा टाकायचा असतो.

यांची भाषा वेगळी. खोलीला खोली म्हणायचं नाही, स्पेस म्हणायचं. चूक झाली की तिला कन्सेप्ट म्हणायचं. यांची रीतही वेगळी. महिनाभर नुसती चर्चा, कागदावर गोल गोल रेघोट्या, आणि मग तहान लागली की विहीर खणायची. सर तरी काय कमी? बघतात, मान हलवतात, म्हणतात, छान आहे, आता सगळं बदल. मग पोरं वर्गाच्या मागच्या बाकांवर पाळीपाळीने रडतात. एकाचं आवरलं की दुसरा बसतो. मी बघून बघून हात टेकले.

मार्क मिळाले की मॉडेल कचऱ्यात आणि मी कंपासपेटीत. तिथे शेजार कोणाचा, तर कटरच्या जुन्या पात्यांचा. अंग चोरून पडायचं आणि पुढच्या घराची वाट बघायची. पण एक कबूल करते. इतरांची माणसं दर मॉडेलला नवी असत, वापरली की फेकली. माझी पोर मात्र मलाच घेऊन फिरली. कोणी हसलं तर म्हणायची, राहू दे, ती आमच्या घरची आहे.

तिसऱ्या वर्षी ती डिझाइनमध्ये नापास झाली.

यांची परीक्षा म्हणजे ज्युरी. आपली चित्रं भिंतीला लावायची, मॉडेल पुढे ठेवायचं, आणि परीक्षकांसमोर उभं राहून बोलायचं. हिने सरांचं ऐकून ऐकून इतक्या वेळा बदललं की त्या दिवशी भिंतीवर अर्धीच चित्रं होती आणि मॉडेलला छप्पर नव्हतं. परीक्षकांनी बघायला सुरुवात केली आणि लगेच संपलंही. आता या कॉलेजचा नियम असा, की एकाच वर्षाच्या डिझाइनमध्ये दुसऱ्यांदा नापास झालं तर नाव कमी करतात. मग तीन वर्षं शिकलेलं सगळं पाण्यात. दुसरीकडे कुठे घेत नाहीत, घेतलं तर पहिल्यापासून.

घरी येऊन तिने आईला सांगितलं. मला वाटलं, आता चार शब्द ऐकायला मिळणार. आई म्हणाली, स्टॉप चुकला तर माणूस पुढच्या स्टॉपला उतरतो आणि चालत मागे येतो. चालत्या बसमधून उडी मारत नाही. जेवून घे. आणि त्या दिवसापासून संध्याकाळी टीव्ही लावणं बंद झालं.

दुसऱ्या खेपेला विषय आला बस स्थानक. पोरीला काय आनंद झाला. आईला समोर बसवलं आणि विचारलं, तुम्हाला काय काय लागतं? आई आधी लाजली. तिला असलं कोणी कधी विचारलंच नव्हतं. मग बोलायला लागली ती थांबेना. दोन फेऱ्यांच्या मधे बसायला धड जागा नसते. ड्रायव्हर गाडीतच मान टाकून झोपतात. बायांनी तर कुठे जायचं ते विचारूच नको. वर एक खोली पाहिजे, कडी लागणारी, जिथे घटकाभर आडवं होता येईल आणि खालून कोणी हाक मारणार नाही.

पोरीने ती खोली काढली. वर, मोठ्या खिडकीची, दोन बाजूंना पलंग, कोपऱ्यात मोरी आणि संडास, कडीसकट. खाली प्रवाशांसाठी मोठा हॉल, हॉलच्या मागच्या कोपऱ्यातून वर जाणारा जिना, आणि या सगळ्यावर एक छप्पर. छप्पर असं, की रस्त्याकडची बाजू वर उचललेली आणि तिथून ते वळत वळत मागच्या कोपऱ्यात खाली उतरलेलं. पातळ पुठ्ठ्याच्या पट्ट्या भिजवून, वाकवून, एकमेकींवर चिकटवून केलेलं. सुंदर होतं. सुंदरला सुंदर म्हणायला माझी ना नाही.

सरांनी ते छप्पर बघितलं आणि पहिल्यांदाच म्हणाले नाहीत की बदल. म्हणाले, हे छप्पर सोडू नकोस, हेच तुला पास करणार. झालं. तेव्हापासून सगळी मेहनत छपरावर. हॉल छपराखाली बसवला, खोली छपराखाली बसवली, जिना कुठेतरी बसला. नाकापेक्षा मोती जड म्हणतात ते हेच. मला कंपासपेटीतून कोणी बाहेर काढेना. काढलं असतं तर मी पहिल्याच दिवशी सांगितलं असतं. म्हणजे, सांगितलं नसतं, पण माझं डोकं आपटलं असतं.

त्यात यांची एक जुनी खोड आहे. इमारत आतून कशी आहे हे दाखवायला एक चित्र काढतात, त्याला सेक्शन म्हणतात. सुरीने भोपळा कापावा तशी इमारत उभी कापायची आणि आतलं दाखवायचं. आता सुरी कुठून घालायची हे ज्याचं त्याने ठरवायचं. मग कोण आपल्या हाताने किडक्या बाजूने कापेल? सगळे चांगल्या बाजूने कापतात. हिनेही रस्त्याकडून कापलं, जिथे छप्पर उंच, हॉल उंच, सगळं राजेशाही. मागचा कोपरा, जिथे छप्पर खाली येतं आणि जिना वर जातो, तो कोणत्याच चित्रात आला नाही. सरांच्या नजरेला पडला नाही, तिच्याही नाही.

ज्युरीच्या दिवशी सकाळी मॉडेल पूर्ण झालं. छप्पर चिकटलं, वाळलं. तिचा वर्गमित्र मदतीला आला होता. त्याला सगळे बांबू म्हणतात, उंचीमुळे आणि अकलेमुळेही. आई स्वयंपाकघरात चहा करत होती. पोरीने मला पेटीतून काढलं, फुंकर मारली, आणि हसत हसत जिन्यावर चढवायला लागली. पहिली पायरी, दुसरी, पाचवी. वरच्या पायऱ्यांवर आले आणि माझं कपाळ छपराला लागलं. तिने मला जरा तिरकं केलं. पुन्हा लागलं. मी तशी बुटकी, माझी ही गत, तर ड्रायव्हरांच्या टाळक्याचं काय झालं असतं?

तिच्या तोंडचं पाणी पळालं. ती खाली बसून छपराखालून बघत राहिली. जिना हलवावा तर हॉल हलतो. छप्पर उचलावं तर ते चारी बाजूंनी चिकटवलेलं, काढायला गेलं तर फाटणार. आणि तासाभरात निघायचं होतं.

बांबूने चहाचा कप खाली ठेवला आणि म्हणाला, “बाईला काप. कोण बघतंय?”

ती म्हणाली, काहीतरी काय बोलतोस. तो म्हणाला, सगळेच करतात. माणूस लहान कापला की हॉलही मोठा दिसतो. मागच्या वर्षी अमक्याने केलं, तमक्याने केलं, दोघं पास झाले. तू यावेळी गेलीस तर कायमची गेलीस. एका पुठ्ठ्याच्या तुकड्यासाठी?

पुठ्ठ्याचा तुकडा. हो, आहे मी पुठ्ठ्याचा तुकडा. पण तीन वर्षं तुमच्या बिनकठड्याच्या जिन्यांवर मीच उभी राहिले ना? एकदा तरी कोणी मला विचारलं, बाई, तुझं काय म्हणणं? पोरीने स्वयंपाकघराकडे एकदा बघितलं. मग मला टेबलावर आडवं केलं, पट्टी धरली आणि गुडघ्याखालून दोन्ही पाय कापले. दोनदा कच कच झालं आणि संपलं. तिने मला पुन्हा जिन्यावर ठेवलं. पिशवी पायरीला टेकली. डोकं मात्र छपराखालून आरामात गेलं. पाय टेबलावर पडले होते, ते तिने कागदाच्या कपट्यांबरोबर कचऱ्याच्या डब्यात लोटले.

मला राग आला हे सांगायला नको. इतका राग मला संडास नसलेल्या घरातही आला नव्हता. इमारतीत माणूस मावेना म्हणून माणूसच कमी करायचा, ही कुठली विद्या?

आईने त्या दिवशी रजा घेतली होती, मॉडेल सांभाळून न्यायला. बांबू चित्रांची नळकांडी घेऊन पुढे गेला. आम्ही बसने निघालो. कंडक्टर आईच्या ओळखीची निघाली. तिने एका माणसाला उठवून मॉडेलला जागा दिली. आईने मॉडेल मांडीवर घेतलं, वारा लागू नये म्हणून खिडकी लावली आणि मी पडू नये म्हणून माझ्यापुढे हाताचा आडोसा धरला. मग जो विचारेल त्याला सांगत सुटली. माझ्या मुलीने केलंय. बस स्टँड आहे. ही वरची खोली आमच्यासाठी, कडीसुद्धा आहे. ओळखीची कंडक्टर वाकून बघत म्हणाली, बांधून कधी होणार? आई म्हणाली, आधी पास तर होऊ दे. पोर खिडकीबाहेर बघत होती. सबंध प्रवासात तिने एकदाही आमच्याकडे मान वळवली नाही.

ज्युरीच्या खोलीत पालकांना बसायची परवानगी नसते. पण मॉडेल आत ठेवायला आई आली आणि दाराशीच थांबली. तिला कोणी जा म्हणालं नाही, आणि ती आपण होऊन गेली नाही. समोर डिझाइनचे सर आणि बाहेरून आलेले एक वयस्क परीक्षक बसले होते. ते पाहुणे मोठे आर्किटेक्ट, फार बोलत नव्हते. आधीच्या दोन मुलांना त्यांनी असं सोललं होतं की एक अजून बाहेर नळाशी तोंड धूत होता.

पोर बोलायला लागली. सुरुवातीला पाठ केलेलंच म्हणत होती. पण पाहुण्यांची नजर छपरावर गेली आणि तिथेच थांबली. त्यांनी उठून मॉडेलभोवती एक फेरी मारली, रस्त्याच्या बाजूने वाकून आत पाहिलं. चांगलं आहे, म्हणाले. सरांनी खुर्चीत पाठ टेकली. बांबूने मागून अंगठा दाखवला. पाहुण्यांनी विचारलं, ही बाई वर कशी जाते? दाखव.

तिने मला उचललं आणि जिन्यावरून नेलं. एक एक पायरी. वरच्या पायऱ्यांवर मी छपराखालून अलगद गेले, केसालाही धक्का लागला नाही. पाहुणे म्हणाले, बरोबर. त्यांनी पेनचं टोपण काढलं. मग लिहिता लिहिता, सहज म्हणून विचारलं, वर कोण असतं?

ती म्हणाली, कंडक्टर, ड्रायव्हर. दिवसभर उभं राहून आलेले. एवढं बोलली आणि थांबली. मी तिच्या दोन बोटांत होते, मला तिच्या बोटांचा घाम कळत होता. तिने दाराकडे पाहिलं. आई मान उंच करून, कौतुकाने, कळत असल्यासारखी ऐकत होती.

“सर, हिला पाय नाहीत,” पोर म्हणाली. “ही माझी आई आहे. तिच्या मापाने कापली होती. सकाळी तिचं डोकं छपराला लागलं म्हणून मी तिचे पाय कापले.”

सरांनी तिच्याकडे अशा नजरेने पाहिलं, की पोरी, तुला गप्प बसायला काय झालं होतं? बांबू पंख्याकडे बघत राहिला. पाहुण्यांनी मला मागून घेतलं, तळहातावर ठेवलं, चष्मा वर करून बघितलं आणि परत दिलं.

मग त्यांनी विचारलं, आता काय करशील?

ती छपराकडे बघत राहिली. त्या छपरासाठी तिने काय काय केलं होतं ते मला माहीत आहे. पट्ट्या वाळेपर्यंत हाताने धरून बसायची, हात बधिर व्हायचे. आणि तेच छप्पर तिला पास करणार होतं, हे सगळ्या खोलीला ठाऊक होतं.

ती म्हणाली, छप्पर कापायला पाहिजे. पाहुणे म्हणाले, काप मग.

तिने पेटीतून कटर काढला. मला वाटलं होतं, नाही कापणार. पण तिने जिन्यावरच्या कोपऱ्यात पातं टेकवलं आणि दाबलं. तीन बाजूंनी कापून तो तुकडा झाकणासारखा वर उचलला. एवढं सोपं झालं नाही, मधेच एक पट्टी सुटली, छपराचा तो सुंदर वळसा फाटला, कड खाली लोंबायला लागली. मग तिने मला जिन्यावर पुन्हा धरलं, पायऱ्यांना न टेकवता, पाय असते तर जेवढी उंच असते तेवढी. माझं डोकं उचललेल्या झाकणाखाली मोकळं होतं. दिसत होतं मात्र भयंकर. चांगल्या साडीला गोणपाटाचं ठिगळ लावल्यासारखं.

पाहुण्यांनी काहीतरी लिहिलं, टोपण लावलं आणि म्हणाले, पुढचा.

बाहेर व्हरांड्यात बांबू तिला म्हणाला, तू वेडी आहेस का? आईने फाटकं मॉडेल उचललं आणि चालायला लागली. दोघी स्टॉपवर येऊन बसल्या. दोन बस गेल्या, दोन्हींना जागा होती, तरी उठल्या नाहीत. शेवटी आईने विचारलं,

“ते माझे पाय होते?”

पोरीने हो म्हणून मान हलवली.

“असू दे,” आई म्हणाली. “नाहीतरी दुखतातच.”

तेव्हा पोर रडली. वर्गातल्या मागच्या बाकावर रडायची तशी नव्हे, मोठ्याने. स्टॉपवरची माणसं बघायला लागली. आईने मॉडेल एका मांडीवर सरकवलं, दुसऱ्या हाताने तिला जवळ घेतलं आणि बघणाऱ्यांना म्हणाली, काही नाही, परीक्षा झाली.

निकालाला बरेच दिवस होते. मी कपाटावर त्या फाटक्या मॉडेलमध्ये भिंतीला टेकून पडले होते. मला तिथून दोघींचं घर दिसायचं. पोर आईला म्हणायची, गेले मी, आता दुसरं काय शिकू ते बघते. आई म्हणायची, निकाल लागू दे. माझा राग गेला नव्हता. पण राग कुणावर धरायचा तेच कळेनासं झालं होतं.

निकाल लागला. डिझाइनमध्ये काठावर पास. इतकं काठावर की अर्धा मार्क कमी असता तर खाली पडली असती. सरांनीच नंतर तिला बोलावून सांगितलं. ते म्हणाले, तुझ्यावरून आमचं वाजलं. मी म्हणालो, छप्पर गेलं, आता हिला मार्क कशाचे द्यायचे? तर पाहुणे म्हणाले, जिन्याचे द्या. सर अजूनही नाराज आहेत. त्यांना ते छप्पर फार आवडलं होतं.

ती घरी आली तेव्हा आई ड्यूटीवर निघाली होती. बातमी ऐकून आई दारातच खाली बसली, गणवेशासकट. मग म्हणाली, उशीर झाला, आणि पदराने डोळे पुसत गेली.

त्या रविवारी पोरीने आईला पुन्हा चौकटीला उभं केलं आणि पुन्हा टेप घेतला. या वेळी चप्पल घालून, कारण जिना कोणी अनवाणी चढत नाही, हे तिला तीन वर्षांनी सुचलं. नव्या पुठ्ठ्यातून माझे पाय कापले आणि मला चिकटवले. अंग पिवळट, पाय पांढरे शुभ्र, आणि चपलांमुळे मी आधीपेक्षा किंचित उंच. म्हणजे आता डोकं आपटायची शक्यता आणखी वाढली. ती म्हणते, आपटू दे.

आता ती शेवटच्या वर्षाला आहे. कॉलेजात बरंचसं काम संगणकावर होतं. त्यात माणसं आयती मिळतात. एक बटण दाबलं की दहा जणी हजर, हसणाऱ्या, चकचकीत, प्रत्येकीच्या हातात कॉफीचा कप. कोणाचाही खांदा दुखत नाही. उंच छप्पर असो, बुटकं असो, त्या आपल्या ताणतात नाहीतर आकसतात, आणि कुठेही डोकं न लागता उभ्या राहतात. त्यांना बघून माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. मागाहून चिकटवलेल्या या माझ्या पांढऱ्या तळपायांची.

तर एवढंच सांगायचं होतं. तुम्हालाही कधी ना कधी कोणीतरी मॉडेल दाखवेल. घर असेल, शाळा असेल, दवाखाना असेल. दिवे लावलेले असतील, झाडं हिरवीगार असतील, आणि दाखवणारा म्हणेल, बघा, किती सुंदर. तेव्हा वा म्हणायची घाई करू नका. जरा वाका. आत कुठेतरी आमच्यातली एक उभी असेल. तिला पाय आहेत का, एवढं बघा.